सनद, सभा आणि गुलामगिरी : आरंभीच्या अमेरिकेतील स्वशासनाची दुसरी बाजू (१६०७–१८२१)

प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लोकांना अर्पण केला आहे. गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी केलेल्या त्यागाबद्दलचा आदर या अर्पणपत्रिकेत व्यक्त झाला आहे. ती वर्गात शिकविताना विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. ज्या देशाने १७७६ मध्ये सर्व माणसे समान असल्याचे जाहीर केले, त्या देशात गुलाम आले कोठून आणि १८६५ पर्यंत राहिले कसे?

पाठ्यपुस्तकांतून या प्रश्नाचे जे उत्तर मिळते ते साधारणपणे विसंगतीचे असते. स्वातंत्र्य हा अमेरिकेचा आदर्श होता, गुलामगिरी हा त्याला लागलेला डाग होता आणि कालांतराने आदर्शाने डागावर मात केली, असा त्या उत्तराचा आशय असतो. हे उत्तर सर्वस्वी चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. इंग्लंडमध्ये गुलामगिरीचा कायदा नव्हता, त्यामुळे वसाहतवाल्यांनी तो मायदेशाहून आणला असे म्हणता येत नाही. तो त्यांनी अमेरिकेत, आपल्या निवडून दिलेल्या सभांमधून, कलमाकलमाने स्वतः तयार केला. प्रातिनिधिक सभा, लिखित कायदा आणि स्थानिक न्यायालय या ज्या संस्थांचा आपण लोकशाहीची पायाभरणी म्हणून गौरव करतो, त्याच संस्था दास्य घडविण्याच्या कामीही आल्या. प्रस्तुत लेखात हा प्रवास १६०७ मधील जेम्सटाउनपासून १८२१ मधील मिसूरीच्या प्रवेशापर्यंत तपासला आहे.

व्यापारी कंपनीची सनद

१६०० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली आणि त्यानंतर सहा वर्षांनी, एप्रिल १६०६ मध्ये, पहिल्या जेम्स राजाने व्हर्जिनिया कंपनीला सनद दिली. भारताचा इतिहास शिकविणाऱ्या प्राध्यापकांना या दोन संस्थांची ठेवण सारखी वाटेल. भांडवल घालणारे भागधारक, लंडनमधील कारभारी मंडळ, राजाने बहाल केलेला मक्ता हे सारे दोन्हीकडे आहे. फरक परिस्थितीत होता. भारतात कंपनी भरभराटीच्या बाजारपेठांत माल घ्यायला आली. व्हर्जिनियात माल निर्माण करण्यासाठी माणसेच इंग्लंडहून नेऊन वसवावी लागली. म्हणून त्या सनदेत एक आश्वासन घालावे लागले : वसाहतीत राहणाऱ्यांना व तेथे जन्मणाऱ्या त्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मलेल्या प्रजाजनांचे सर्व हक्क असतील. पुढील दीडशे वर्षे वसाहतींतील वकील आणि पुढारी राजसत्तेशी वाद घालताना याच आश्वासनाकडे बोट दाखवीत राहिले.

मे १६०७ मध्ये जेम्सटाउन वसले. जमीन रिकामी नव्हती. पोव्हॅटन या प्रमुखाच्या अधिपत्याखाली सुमारे तीस टोळ्यांचा संघ त्या प्रदेशात नांदत होता आणि पहिली काही वर्षे त्यांच्या मक्यावरच वसाहतवाले जगले. १६०९–१० च्या हिवाळ्यातील उपासमारीत जेम्सटाउनमधील बहुसंख्य लोक मरण पावले. सोने सापडले नाही. अखेरीस जॉन रॉल्फ याने १६१२ च्या सुमारास कॅरिबियन जातीच्या तंबाखूची लागवड यशस्वी केली आणि वसाहतीला विकण्याजोगे पीक मिळाले. तंबाखूला दोन गोष्टी लागतात, नवी जमीन आणि भरपूर हात. पुढचा सारा इतिहास या दोन गरजांभोवती फिरतो.

माणसे यावीत म्हणून कंपनीने १६१८ मध्ये नव्या सूचना काढल्या. स्वखर्चाने येणाऱ्याला आणि तो आणील त्या प्रत्येक माणसामागे पन्नास एकर जमीन, आणि स्थानिक नियम करण्यासाठी रहिवाशांची सभा. या सभेमागे लोकशाहीचे तत्त्वज्ञान नव्हते, तोट्यात चाललेला धंदा सावरण्याची निकड होती, ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो.

१६१९ : एका उन्हाळ्यातील दोन घटना

३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या लाकडी चर्चमध्ये गव्हर्नर जॉर्ज यिअर्डली, त्याचे सल्लागार आणि निरनिराळ्या वस्त्यांमधून निवडून आलेले प्रतिनिधी एकत्र बसले. उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींची ही पहिली प्रातिनिधिक सभा होय. तंबाखूचा भाव, आळशीपणा व जुगाराला शिक्षा, चर्चमधील हजेरी, मूळ रहिवाशांशी करावयाचा व्यवहार असे विषय तिच्यापुढे होते. उकाडा असह्य होता. एक सदस्य अधिवेशनातच वारला आणि ४ ऑगस्टला कामकाज आटोपते घ्यावे लागले.

त्याच ऑगस्टच्या अखेरीस, किनाऱ्यावरील पॉइंट कम्फर्ट येथे ‘व्हाइट लायन’ नावाचे जहाज लागले. अंगोलातील लुआंडा बंदरातून निघालेल्या एका पोर्तुगीज जहाजावर समुद्रात धाड घालून पळविलेले वीसहून काही अधिक आफ्रिकी स्त्री-पुरुष त्यावर होते. गव्हर्नर आणि कंपनीचा व्यापारी प्रतिनिधी यांनी त्यांना अन्नसामग्रीच्या मोबदल्यात घेतले. ही माहिती आपल्याला मिळते ती तंबाखूवाल्या जॉन रॉल्फच्याच पत्रातून, आणि तीही इतर बातम्यांच्या ओघात.

या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. सभा भरली म्हणून जहाज आले नाही. पण सभा आणि जहाजातून उतरलेली माणसे यांचा संबंध पुढील ऐंशी-नव्वद वर्षांत घडत गेला.

कलम आणि दर्जा

प्रारंभी आफ्रिकी माणसाचा कायदेशीर दर्जा निश्चित नव्हता. मळ्यांवरचे बहुसंख्य मजूर इंग्लंडमधून आलेले करारबद्ध नोकर होते. प्रवासखर्चाच्या बदल्यात साधारणतः चार ते सात वर्षे राबून ते मोकळे होत. काही आफ्रिकी माणसेही अशी मोकळी झाली. १६२१ मध्ये व्हर्जिनियात आणलेला ‘अँटोनिओ’ पुढे अँथनी जॉन्सन या नावाने जमीनदार झाला. १६५१ मध्ये त्याच्या नावे अडीचशे एकर जमीन नोंदविली गेली. १६५५ मध्ये न्यायालयाने एका कृष्णवर्णीय मजुरावरील त्याचा मालकी हक्कही मान्य केला. वर्ण आणि दास्य हे समीकरण अद्याप पक्के झाले नव्हते, याचा यापेक्षा बोलका पुरावा नाही.

ते पक्के होण्याची चिन्हे मात्र आधीच दिसत होती. १६४० मध्ये तीन नोकर मालकाकडून पळाले व पकडले गेले. दोघा युरोपियनांची मुदत काही वर्षांनी वाढविण्यात आली. तिसरा, जॉन पंच, कृष्णवर्णीय होता. त्याला जन्मभर चाकरीची शिक्षा झाली. गुन्हा एकच होता आणि न्यायालयही एकच होते.

या मालिकेतील सर्वांत दूरगामी कायदा १६६२ चा आहे. त्याची पार्श्वभूमी पाहण्याजोगी आहे. एलिझाबेथ की ही इंग्रज पिता व आफ्रिकी माता यांची मुलगी. इंग्लंडच्या रूढ कायद्यानुसार अपत्याचा दर्जा पित्यावरून ठरतो, शिवाय आपला बाप्तिस्मा झालेला आहे, असे सांगून तिने न्यायालयात दाद मागितली आणि १६५६ मध्ये ती मुक्त झाली. सहा वर्षांनी सभेने नियमच उलटा केला : अपत्याचा दर्जा मातेवरून ठरेल. १६६७ मध्ये दुसरी वाट बुजविली गेली आणि बाप्तिस्म्याने दास्य सुटत नाही असे ठरले. १६६९ मध्ये शिक्षा करताना गुलाम मेला तर मालकावर खुनाचा गुन्हा लागू नये, कारण कोणीही आपली मालमत्ता जाणूनबुजून नष्ट करणार नाही, असा तर्क कायद्यात लिहिला गेला. १६६२ च्या कायद्यामुळे मालकाने गुलाम स्त्रीवर लादलेल्या संबंधांतून जन्मलेले मूलही त्याच मालकाची मालमत्ता ठरू लागले. जन्मावरून माणसाचा दर्जा कायम करण्याची ही युक्ती मराठी वाचकाला निराळी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

१६७६ मध्ये नॅथनिएल बेकन याच्या नेतृत्वाखाली बंड झाले. मूळ रहिवाशांच्या जमिनींवर डोळा असलेले सीमेवरचे शेतकरी, मुदत संपलेले नोकर, करारबद्ध मजूर आणि गुलाम त्यात सामील झाले व जेम्सटाउन जाळले गेले. एडमंड मॉर्गन यांनी १९७५ मधील ‘अमेरिकन स्लेव्हरी, अमेरिकन फ्रीडम’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, या बंडानंतर जमीनदारांनी बेभरवशाच्या गोऱ्या मजुरांऐवजी आफ्रिकी गुलामांवर भर दिला आणि त्यामुळेच गरीब गोऱ्यांना ‘समान’ म्हणून जवळ करणे त्यांना परवडले. मॉर्गन यांची मांडणी आजही मोलाची आहे. तथापि १६६२ व १६६७ चे कायदे बंडाच्या आधीचे आहेत, हे लक्षात घेता बंडाला गुलामगिरीचे मूळ मानता येणार नाही. बंडाने वेग वाढविला एवढेच म्हणता येईल. १७०५ मध्ये व्हर्जिनियाच्या सभेने विखुरलेले कायदे एका संहितेत बांधले आणि गुलामांची गणना वारसाहक्काच्या दृष्टीने स्थावर मालमत्तेत केली.

उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील दोन उदाहरणे

हे केवळ तंबाखूच्या प्रदेशात घडले, असा समज होऊ नये. मॅसॅच्युसेट्स बे कंपनीच्या १६२९ च्या सनदेत कंपनीची सभा कोठे भरावी याचा उल्लेख नव्हता. त्याचा लाभ घेऊन जॉन विन्थ्रॉप आणि त्याचे प्युरिटन सहकारी १६३० मध्ये सनदच सोबत घेऊन समुद्रापार गेले. भागधारकांची सभा अशा रीतीने वसाहतीचे कायदेमंडळ झाली. या कायदेमंडळाने १६४१ मध्ये ‘बॉडी ऑफ लिबर्टीज’ ही हक्कांची संहिता स्वीकारली. अमेरिकेतील नागरी हक्कांच्या परंपरेत तिला मानाचे स्थान आहे. परंतु याच संहितेतील एका कलमाने न्याय्य युद्धात पकडलेले कैदी आणि स्वतःला विकणारे अथवा विकले गेलेले परके यांच्या बाबतीत दास्याला मान्यता दिली. चारच वर्षांपूर्वी पिक्वॉट जमातीचा संहार झाला होता व तिच्यातील कैदी वेस्ट इंडीजकडे पाठविले गेले होते. कलमातील ‘कैदी’ कोण, हे त्या सभेत कोणाला विचारावे लागले नसेल.

दुसरे उदाहरण जॉर्जियाचे. १७३२ च्या सनदेने स्थापन झालेली ही वसाहत लंडनमधील विश्वस्तांच्या ताब्यात होती आणि त्यांनी १७३५ मध्ये तेथे गुलामगिरीस बंदी घातली. त्यामागे करुणेपेक्षा संरक्षणाचा व कष्टाळू छोट्या शेतकऱ्यांची वसाहत उभी करण्याचा विचार अधिक होता. वसाहतवाल्यांनी अर्ज, पत्रके आणि तक्रारी यांचा भडिमार केला. शेजारच्या साउथ कॅरोलिनात भाताच्या शेतीतून गडगंज संपत्ती निर्माण होत होती, मग आम्हालाच मनाई का, असा त्यांचा सवाल होता. डॅरिएन येथील स्कॉटिश रहिवाशांनी १७३९ मध्ये गुलामगिरीच्या विरोधात निवेदन दिले, पण असा सूर क्षीणच राहिला. १७५१ पासून बंदी उठली. येथे निर्बंध घालणारी सत्ता दूरची व अनिर्वाचित होती, आणि तो उठविण्याची मागणी स्थानिक लोकमताची होती.

क्रांतीचा काळ

१७६५ चा स्टॅम्प कायदा, डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टन बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्यांचे झालेले विसर्जन आणि एप्रिल १७७५ मधील पहिल्या चकमकी हा क्रम सर्वपरिचित असल्याने त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने १७७२ मधील लंडनचा एक खटला अधिक महत्त्वाचा आहे. जेम्स सॉमरसेट या गुलामाला बळजबरीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही असा निर्णय देताना लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी म्हटले की, गुलामगिरी टिकू शकते ती केवळ स्पष्ट कायद्याच्या आधारे. वसाहतींमध्ये असा स्पष्ट कायदा होता, आणि तो तेथील सभांनी केलेला होता.

एक गोष्ट वसाहतींच्या बाजूनेही नोंदविली पाहिजे. १७७२ मध्ये व्हर्जिनियाच्या सभेने गुलामांची आयात रोखण्यासाठी राजाकडे विनंती केली आणि ती मान्य झाली नाही. मात्र तोपर्यंत व्हर्जिनियात गुलामांची संख्या जन्मानेच वाढत होती. आयात थांबल्याने तेथील मालकांचे नुकसान होणार नव्हते. थॉमस जेफरसन यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर ठेवणारा परिच्छेद लिहिला होता, तो काँग्रेसने गाळला. साउथ कॅरोलिना व जॉर्जिया यांची मर्जी राखण्यासाठी तो गाळला गेला, आणि गुलाम वाहून नेणाऱ्या उत्तरेच्या बंधूंनाही तो खटकत होता, असे स्वतः जेफरसन यांनी पुढे नमूद केले. जेफरसन यांनी आपल्या हयातीत सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली.

गुलाम स्वतः मात्र या शब्दांकडे लक्ष देऊन होते. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने बंडखोरांच्या जे गुलाम ब्रिटिश सैन्यात येतील त्यांना मुक्त करण्याचे जाहीर केले. युद्धकाळात हजारो लोक पळून ब्रिटिशांकडे गेले आणि १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना सुमारे तीन हजार जणांची नावे ब्रिटिशांच्या नोंदवहीत लिहिली गेली. दुसरा मार्ग न्यायालयाचा होता. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र व समान आहेत असे कलम होते. शेफील्ड गावातील ‘बेट’ या गुलाम स्त्रीने, तिला अक्षरओळख नसताना, त्या तत्त्वाचा अर्थ नेमका ओळखला आणि थिओडोर सेजविक या वकिलामार्फत १७८१ मध्ये मालकावर दावा लावला. ज्यूरीने तिच्या बाजूने निकाल दिला. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले. १७८३ मध्ये क्वॉक वॉकर याच्या प्रकरणात मुख्य न्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी, गुलामगिरी या राज्यघटनेशी विसंगत आहे असे ज्यूरीला सांगितले. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्सपुढे गुलामांची संख्या शून्य आहे. सभेने लिहिलेले शब्द सभेला अभिप्रेत नसलेल्या माणसांनी वापरले, तेव्हा काय होऊ शकते हे या दोन खटल्यांतून दिसते.

फिलाडेल्फियातील गणित

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जमलेल्या ५५ प्रतिनिधींनी जी राज्यघटना तयार केली तिच्यात ‘गुलाम’ हा शब्द कोठेही नाही. माणसांत मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत येऊ देणे जेम्स मॅडिसन यांना गैर वाटत होते. शब्द टाळला गेला, व्यवस्था टाळली गेली नाही. ‘अन्य व्यक्तीं’च्या तीन-पंचमांश संख्येची प्रतिनिधित्वासाठी गणना, अशा व्यक्तींच्या आयातीवर १८०८ पूर्वी बंदी घालण्यास मनाई आणि पळून गेलेल्यांना परत देण्याचे बंधन या तीन तरतुदींनी ती सुरक्षित झाली.

तीन-पंचमांशाविषयी एक गैरसमज दृढ आहे. कृष्णवर्णीयाला तीन-पंचमांश माणूस मानले, असे म्हटले जाते. वस्तुतः मुक्त कृष्णवर्णीय पूर्ण मोजला जाई. तसेच गुलामांना पूर्ण मोजावे ही मागणी मालकांची होती, आणि मुळीच मोजू नये ही विरोधकांची. या अपूर्णांकाने गुलामाला काही मिळाले नाही, मालकाच्या राज्याला मात्र जागा मिळाल्या.

किती, हे १७९० च्या जनगणनेवरून काढता येते. त्या वर्षी देशाची लोकसंख्या सुमारे ३९ लाख २९ हजार होती व तीत सुमारे सात लाख गुलाम होते. व्हर्जिनियाची मुक्त लोकसंख्या अंदाजे ४ लाख ५५ हजार, तर पेनसिल्व्हेनियाची ४ लाख ३१ हजार, म्हणजे जवळजवळ बरोबरीची. पण व्हर्जिनियात २ लाख ९२ हजारांहून अधिक गुलाम होते, पेनसिल्व्हेनियात चार हजारांहून कमी. दर ३३ हजारांमागे एक प्रतिनिधी या प्रमाणाने १७९२ मध्ये वाटप झाले तेव्हा व्हर्जिनियाला १९ आणि पेनसिल्व्हेनियाला १३ जागा मिळाल्या. केवळ मुक्त लोकसंख्या धरली असती तर दोघांनाही तेराच मिळाल्या असत्या. मताधिकार नसलेल्या माणसांच्या बळावर एका राज्याने सहा जागा अधिक मिळविल्या. अध्यक्षीय निवडणुकीतील निर्वाचक मतेही याच जागांवर बेतलेली होती. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन यांनी जॉन अॅडम्स यांचा ७३ विरुद्ध ६५ मतांनी पराभव केला. हा अपूर्णांक नसता तर निकाल उलटा लागला असता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. १७८९ ते १८२५ या ३६ वर्षांपैकी ३२ वर्षे अध्यक्षपद व्हर्जिनियातील गुलाममालकांकडे होते.

तरुण प्रजासत्ताक

नव्या काँग्रेसने मार्च १७९० मध्ये नागरिकत्वाचा कायदा केला आणि परदेशातून आलेल्यांपैकी केवळ ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तींना नागरिक होण्याची मुभा ठेवली. या दोन शब्दांची सावली पुढे मुंबईपर्यंत आली. भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी गृहस्थांना ‘गोरे’ ठरवून अमेरिकी नागरिकत्व देणारा निर्णय १९१० मध्ये अपिलातही कायम झाला. भगतसिंग थिंद यांना मात्र १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच कसोटीवर नाकारले. भारतीयांसाठी ही अट १९४६ मध्ये दूर झाली.

गुलामगिरी आपोआप ओसरेल अशी आशा १७८७ मध्ये काही प्रतिनिधींना होती. १७९३ मध्ये एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र बनविले, आखूड धाग्याचा कापूस किफायतशीर झाला आणि ती आशा फोल ठरली. १८०३ मध्ये फ्रान्सकडून लुईझियाना विकत घेतल्याने जमीनही मिळाली. १ जानेवारी १८०८ पासून आयात बेकायदा झाली तरी देशांतर्गत खरेदी-विक्री वाढली. १८२० पर्यंत गुलामांची संख्या पंधरा लाखांवर गेली.

त्याच लुईझियाना प्रदेशातून मिसूरी राज्य होऊ पाहत होते. १८२० च्या तडजोडीने त्याला गुलामगिरीसह प्रवेश द्यायचे ठरले आणि ३६ अंश ३० मिनिटे या अक्षांशाच्या उत्तरेला, मिसूरी वगळता, गुलामगिरीस बंदी झाली. पाठ्यपुस्तके येथे थांबतात. परंतु मिसूरीतील प्रतिनिधींनी जी राज्यघटना लिहिली तिच्यात मुक्त कृष्णवर्णीयांना राज्यात येण्यास प्रतिबंध करण्याचे कर्तव्य विधिमंडळावर घातले होते. इतर राज्यांत नागरिक असलेल्या माणसाला असे रोखता येईल काय, या प्रश्नावरून काँग्रेसमध्ये पुन्हा महिनोन्‌महिने वाद झाला. हेन्री क्ले यांच्या मध्यस्थीने, त्या कलमाचा अर्थ कोणत्याही नागरिकाचे हक्क कमी करणारा लावू नये या अटीवर, ऑगस्ट १८२१ मध्ये मिसूरीला प्रवेश मिळाला. कलम जागच्या जागी राहिले. १८४७ मध्ये मिसूरीच्या विधिमंडळाने मुक्त कृष्णवर्णीयांना प्रवेशबंदी करणारा कायदा केला आणि त्याच कायद्याने राज्यातील कृष्णवर्णीयांना लिहायला-वाचायला शिकविणेही गुन्हा ठरविले. जोतीरावांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती त्याच्या पुढच्या वर्षी, १८४८ मध्ये.